इंदूरच्या राजेंद्र नगरच्या हॉलमध्ये चिनी तलवारबाजी

टोरांटो
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार. आधी गुडघ्याचं सांग. आई म्हणाली वॉकर सुटला आणि आता काठी घेऊन घरातल्या घरात फिरतेस, फिजिओवाला आला की मात्र झोपेचं सोंग घेतेस म्हणे. ते बंद कर. तू जानेवारीत इंदूरला येऊ शकली नाहीस त्याचं सगळ्यांनाच वाईट वाटलं पण मला जरा जास्तच, कारण त्या पिक्चरवरून घरात जे महाभारत झालं त्यात माझ्या बाजूने बोलणारं एक तरी माणूस असतं. आईने तुला फोनवर काहीतरी सांगितलं असेलच, पण आईचं सांगणं तुला माहितीये, "अगं काहीतरी चिनी होतं, सगळे उडत होते" आणि संपलं. म्हणून नीट लिहिते. मोठं होणार आहे, चहा घेऊन बस.

झालं असं की दादाच्या लेकाला कराटेत ब्राउन बेल्ट मिळालाय आणि तेव्हापासून तो घरात सरळ चालतच नाही, आत येताना चौकटीला एक लाथ, फ्रीज उघडताना एक लाथ. दिवसभर फोनवर जॅकी चॅनच्या फाइटचे तुकडे बघत असतो. मी म्हटलं भिया, तुकडे कसले बघतोस, एक अख्खा पिक्चर बघ ना. माझ्या लॅपटॉपवर 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' होता तो केबल लावून हॉलमधल्या टीव्हीवर टाकला. २००० सालचा आहे, आंग ली नावाच्या तैवानच्या डायरेक्टरचा. तलवारबाजी आहे, कौलांवरून उडणं आहे आणि दोन प्रेमप्रकरणं आहेत, एक चांगल्या पोक्त जोडीचं आणि एक पोरांचं. मला वाटलं मी आणि तो दोघंच बघू. पण आपल्या घरात टीव्ही लागला आणि दोघांनीच बघितला असं कधी झालंय?

आजी दिवाणावर रजईत. अण्णाकाका बाबांच्या आरामखुर्चीत, म्हणून बाबा खाली गादीवर. आत्या मटारची भली मोठी पिशवी आणि दोन पातेली घेऊन बसली कारण दुसऱ्या दिवशी कचोऱ्यांचा बेत होता. वहिनी अर्धी स्वयंपाकघरात आणि अर्धी दारात, गराडूच्या कंदाचे तुकडे तळत होती, गरम गरम घाणा आणून जीरावन मसाला आणि लिंबू मारून ठेवायची आणि परत जायची, त्यामुळे तिने पिक्चर सगळा तुकड्यातुकड्यांत बघितला आणि तरी मतं सगळ्यात ठाम तिचीच होती. दादाची लेक कॉलेजचं जर्नल मांडीवर घेऊन. समोरच्या काकू आमचा डबा परत द्यायला आल्या त्या दारातच "कुठला गं?" म्हणाल्या आणि शेवटपर्यंत बसल्या.

आता सगळे बोलतायत चिनी, खाली सबटायटल इंग्लिश, म्हणजे आजी आणि काकूंसाठी मला धावतं मराठी करावं लागलं आणि तेही आपल्या इंदुरी मराठीत. तो ली मू बाय एवढा मोठा योद्धा, दगडासारखा चेहरा करून काहीतरी गंभीर बोलतो आणि मी म्हणतेय "तो म्हणतोय की मी आता हे तलवारीचं सगळं सोडून देऊन राहिलोय." तू असतीस तर उठून गेली असतीस.

गोष्ट थोडक्यात सांगते. हा ली मू बाय आपली प्रसिद्ध तलवार पेइचिंगला एका थोर गृहस्थांना देऊन टाकायची म्हणून शू लिएनकडे सोपवतो. शू लिएन म्हणजे बाईच, पण वडिलांचा धंदा चालवते, लोकांचा माल सुरक्षित पोचवून द्यायचा, हाताखाली माणसं वगैरे. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे हे आंधळ्यालाही दिसतंय पण तिचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं तो ह्याचा मानलेला भाऊ, तो मारला गेला, आणि त्याच्या नावाला कमीपणा नको म्हणून हे दोघं इतकी वर्षं एकमेकांना चहा पाजतायत. मग ती तलवार चोरीला जाते. चोरते कोण, तर बड्या सरकारी अधिकाऱ्याची लाडकी पोर, जेन, जिचं लग्न तोंडावर आलंय.

पहिली पंधरा एक मिनिटं फाइटच नाही. नुसतं बोलणं, येणं, जाणं, नमस्कार चमत्कार. आमचा ब्राउन बेल्ट तिसऱ्या मिनिटापासून "आत्या फाइट कधी, आत्या फॉरवर्ड कर ना" चालू. शेवटी फोन काढून बसला. मला राग आला पण खरं सांगायचं तर २००० साली हाँगकाँगला आणि चीनमध्ये बऱ्याच लोकांची हीच तक्रार होती. तिकडच्या लोकांना असले पिक्चर म्हणजे रोजची भाजीपोळी, ते म्हणाले मारामारी कमी, गप्पा फार, फारच संथ. माझ्या ऑफिसात एक हाँगकाँगचा आहे, तो सांगतो त्याचे वडील थिएटरमधून बाहेर आले आणि म्हणाले पैसे परत मागायला हवे होते. आणि हाच पिक्चर इकडे अमेरिकेत १२.८ कोटी डॉलरच्या आसपास धंदा करून गेला, बनवायला लागले होते त्याच्या सात पट वगैरे, इंग्लिश सोडून दुसऱ्या भाषेतल्या कुठल्याही पिक्चरने तोपर्यंत इथे एवढे कमावले नव्हते. दहा ऑस्कर नॉमिनेशनं, त्यातली चार मिळाली. आमच्या टोरांटोच्या फेस्टिवलला बघायला आलेले लोक मतं देऊन एक पिक्चर निवडतात, २००० साली त्यांनी हाच निवडला. म्हणजे जे ह्यावरच वाढले त्यांना कंटाळा आणि ज्यांना काही माहीतच नाही ते खूष. आमच्या हॉलमध्येही तसंच झालं बघ. जो फाइट बघायला बसला होता तो फोनमध्ये, आणि ज्या मटार सोलायला बसल्या होत्या त्या गुंतल्या.

गुंतल्या हे मला कसं कळलं सांगू? आत्याच्या हातांवरून. रात्रीची वेळ, तलवार घेऊन बुरखेवाला चोर पळतोय, शू लिएन मागे, आणि म्युझिक म्हणजे फक्त ढोल, बाकी काही नाही. तो चोर भिंतीवर पाय ठेवतो आणि सरळ वर चालत जातो. कौलांवर. मग दुसऱ्या कौलावर. आत्याचा अंगठा शेंगेच्या शिवणीत तसाच अडकून राहिला. एक दाणा टप्पकन खाली पडून दिवाणाखाली गेला तरी तिचं लक्ष नाही. पूर्ण फाइट होईपर्यंत दोन्ही पातेली जिथल्या तिथे. आजवर टाळ्या ऐकल्या, शिट्ट्या ऐकल्या, पण आत्याचं काम थांबलेलं मी ह्या जन्मी बघितलं नव्हतं.

कान फेस्टिवलला ही फाइट संपली तेव्हा पिक्चर चालू असतानाच लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी इथे टोरांटोत थिएटरला बघितला, दोन वर्षांपूर्वी नवीन प्रिंट करून परत लागला होता तेव्हा, तर पहिल्यांदा माणूस उडाल्याबरोबर माझ्या मागच्या रांगेत खसखस पिकली. गोरी पोरं होती, त्यांना वाटलं विनोद चाललाय. नंतर गप्प झाली ती. इंदूरला त्या जागी कोणी हसलं नाही. आजीने तर उडण्याबद्दल ब्र काढला नाही, तिची शंका वेगळीच, "ही त्याला सारखी पायावर पाय देऊन खाली का दाबतेय?" मी म्हटलं उडून जाऊ नये म्हणून. "हां, मग बरोबर," म्हणाली आणि समाधानाने रजई ओढून घेतली. पण काकू हसल्या, ते पायावर पाय बघून, खळखळून.

ब्राउन बेल्ट एव्हाना फोन ठेवून बघत होता पण मान्य कोण करणार. "वायर आहे, वायरने लटकवलंय, ह्यात काय" म्हणे. मी म्हटलं हो रे राजा, वायरच आहे, खरीखुरी माणसं खरोखर लटकवली होती आणि वायर नंतर कंप्युटरवर पुसली. फाइट बसवणारा युएन वू पिंग, ह्याच्या एक वर्ष आधी त्यानेच 'मेट्रिक्स'च्या फाइट बसवल्या होत्या. मेट्रिक्स म्हटल्यावर जरा वचकला. त्यात बाबांना त्यांचा ब्रूस ली आठवला. म्हणे त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत 'एंटर द ड्रॅगन' बघून आल्यावर गल्लीतल्या प्रत्येक पोराने लाकडाच्या दोन दांड्या आणि सायकलची जुनी चेन घेऊन ते नानचाकू बनवलं होतं आणि प्रत्येकाच्या कपाळावर टेंगूळ होतं. अण्णाकाका म्हणाले, "तुझं तर अजून आहे." बाबा गप्प.

आता अण्णाकाकांचं ऐक, कारण माझ्या मते अख्ख्या इंदुरात त्या दिवशी पिक्चर कळला तो त्यांना. तुला माहितीये ते आपल्या सानंद संस्थेचं एक नाटक सोडत नाहीत, तापात असले तरी खंडवा रोडला युनिव्हर्सिटीच्या ऑडिटोरियमला जाऊन बसतात, आणि जुन्या संगीत नाटकांची पदं त्यांना अजून पाठ. पोरगा वायर वायर करत होता तर ते म्हणाले, "अरे संगीत नाटकात नायिका रडता रडता मध्येच गायला लागते, पेटीवाला सूर देतो, वन्समोअर मिळतो, आणि ती परत रडायला लागते. तिथे कोणी विचारतं का की बाई, दुःखात असताना आलाप कसा काय घेतलात? बोलून जे होत नाही तिथे पद येतं. इथे बोलून होत नाही तिथे तलवार येते, झालं."

मला इतकं आवडलं ना हे. आणि गंमत म्हणजे हे नुसतं काकांचं कौतुक नाही गं, त्याला आधार आहे. हाँगकाँगची सगळी ती मारामारी निघालीच मुळी चिनी ऑपेरातून. पोराचा देव जॅकी चॅन, तो लहानपणी दहा वर्षं ऑपेराच्या शाळेत होता, कोलांट्या, गाणं, तोंडाला रंग, छडीचा मार, सगळं तिथे. युएन वू पिंगचे वडील तसलेच ऑपेरावाले, जॅकी चॅनच्या १९७८ च्या पिक्चरमध्ये तो दारुडा म्हातारा गुरू होता ना, तेच ते. ह्या पिक्चरला म्युझिक दिलंय त्या तान दुनने पण तरुणपणी ऑपेराच्या मंडळीत वाजवलंय. आणि जेन झालेली झांग झियी तर कराटे कुंग फू शिकलेलीच नाही, ती डान्सच्या शाळेतली. हे सगळं मी सांगितलं तर काका आरामखुर्चीत असे काही रेलले की विचारू नको, आणि पोरगा म्हणाला, "म्हणजे जॅकी चॅन नाटकवाला आहे?" जसं काही मी शिवी दिली.

मावशी, शू लिएन झालेल्या मिशेल योचं तुला मुद्दाम सांगते. शूटिंग सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत तिचं गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं, आणि बरी होऊन तिने परत येऊन हे सगळं केलं. तिचा फिजिओवाला आला की ती झोपत नसणार. नंतर २०२३ मध्ये तिला बेस्ट अॅक्ट्रेसचं ऑस्कर मिळालं, आशियातल्या कुठल्याही बाईला ते पहिल्यांदा. आणि दुसरं, तिला चिनी वाचताच येत नाही! मलेशियात वाढलेली, घरात इंग्लिश, तिने सगळे डायलॉग ऐकून ऐकून पाठ केलेत. ली मू बाय झालेला चाउ युन फॅट हाँगकाँगचा, त्याची बोली वेगळी. पुढे जेनच्या प्रेमात पडणारा एक डाकू आहे, तो नट तैवानचा. पेइचिंगची अशी एकटी जेनच. त्यामुळे चीनमध्ये लोकांनी ह्यांच्या बोलण्याची फार टिंगल केली, एकीकडे म्हणे जुन्या काळचे थोर योद्धे आणि तोंड उघडलं की असं. इथे थिएटरमध्ये पण माझ्या पुढे दोन चिनी मुली होत्या, चाउ युन फॅट गंभीर होऊन काहीतरी बोलला की एकमेकींना कोपर मारून हसायच्या. मला तुझीच आठवण आली. आम्ही नाशकाला आलो की दारात पाऊल टाकायच्या आत तू काकांना सांगायचीस ना, "आले हो, करून राहिले, जाऊन राहिले आले." आता समजलं मला, आमच्या घरात शिवाजी महाराजांचा पार्ट दादाने केला असता तर तुझं काय झालं असतं ते.

पुढे मग वाळवंटातला भाग येतो. जेनची आठवण, प्रवासात डाकू लो तिचा कंगवा पळवतो आणि ही पोरगी एक कंगवा परत घ्यायला घोडा काढून एकटी त्याच्या मागे वाळवंटात. मारामारी करता करता प्रेम. हा भाग बराच लांब आहे आणि दरवेळी लोकांचं इथे जमत नाही, निम्म्यांना पिक्चरमध्ये हाच आवडतो आणि निम्म्यांना इथे लघवीला जायचं सुचतं. दादाच्या लेकीने जर्नल बंद केलं आणि गालावर हात ठेवून बसली. आईने ते बघितलं. आईचं लक्ष टीव्हीपेक्षा तिच्यावरच जास्त, आणि मग आई टीव्हीकडे बघून पण तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "एका कंगव्यासाठी! बाजारात मिळत नव्हता का दुसरा?" लेक म्हणाली, "आजी, कंगव्यासाठी नाही गं ते." "मला कळतंय कशासाठी ते," आई म्हणाली. वहिनी गराडूचा घाणा घेऊन आली ती नेमकी तेव्हा पडद्यावर तो डाकू तिला अंघोळीसाठी पाणी तापवून देत होता, तर म्हणते कशी, "हे बरंय, पाणी तापवून देणारा." आणि दादाकडे बघितलं. दादा नुकताच दुकान बंद करून आलेला, त्याला काही संदर्भच लागेना.

मला स्वतःला विचारशील तर मला तो वाळवंट जरा जास्त होतो. देखणा आहे, पण मधलं दहा मिनिटं कापलं असतं तरी चाललं असतं.

त्या पोरीबद्दल मात्र कोणाचं एकमत होईना. तलवार चोरली, शिकवायला कोणी तयार झालं तर त्याचं ऐकायचं नाही, लग्नातून पळाली, पुरुषाचे कपडे घालून खानावळीत गेली आणि सगळी खानावळ मोडली, वर तोंडाने स्वतःवरच्या कविता. अख्खा जिना पाडला तेव्हा पहिल्यांदाच ब्राउन बेल्टच्या तोंडून "ओ भिया!" निघालं. आईचं म्हणणं एकच, दोन ठेवून द्यायला हव्या होत्या. काकू म्हणाल्या, "द्यायच्या कोणी, तीच उलट चार देईल."

आणि मग अंगणातली फाइट. शू लिएन आणि जेन समोरासमोर, जेनच्या हातात ती चोरलेली तलवार, ती कशालाही कापते, आणि शू लिएन भिंतीवरची एकेक शस्त्रं काढतेय, एक तुटलं की दुसरं, भाला, हुकवाल्या दोन तलवारी. मध्येच एक भला जाड गदेसारखा दांडा उचलते तो तिला पेलतच नाही, घेऊन पडते! सगळा हॉल हसला, टोरांटोतही इथे सगळे हसले होते. ही एकच फाइट आजीने रजईतून पूर्ण बाहेर येऊन बघितली. तिला आपल्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका, आठवल्या, रात्रभर आखाडेवाले पट्टा फिरवत राजवाड्याकडे जायचे, म्हणाली त्यात एक म्हातारा होता तो शस्त्र बदलायचा असंच, घाम न पुसता. शेवटी शू लिएन तुटकी तलवार पोरीच्या गळ्याला लावून थांबते. मारत नाही. आणि ती पोरगी संधी साधून तिच्याच दंडावर वार करते. तेव्हा जो आवाज झाला ना आमच्याकडे, "अगं!" असा, सगळ्या बायकांचा एकदम. भारताची विकेट पडली की पुरुषांचा होतो तसला.

आत्याचं वेगळंच. ती जेड फॉक्स म्हणून खलनायिका आहे, म्हातारी, जेनची लपून राहिलेली गुरू. तिने ली मू बायच्या गुरूचा खून केलेला असतो. का, तर तो तिला अंथरुणात घ्यायला तयार होता पण बाई म्हणून विद्या द्यायला तयार नव्हता. मग तिने त्यांचं पुस्तक चोरलं. पण तिला धड वाचता येत नाही, ती नुसती चित्रं बघून शिकली, आणि पोरीला वाचता येत होतं ती गुपचूप पुढे निघून गेली, गुरूला न सांगता. आत्या छत्तीस वर्षं शाळेत शिकवून रिटायर झालेली. ती एकदम म्हणाली, "हिला कोणी अक्षर शिकवलं असतं तर एवढं झालं नसतं." कोणीच काही बोललं नाही मग. मी हा पिक्चर इतक्यांदा बघितलाय, मला त्या बाईबद्दल असं कधी वाटलं नव्हतं. ते काम केलेल्या नटीचं नाव चेंग पेई पेई, १९६६ साली ती स्वतः तलवारवाली हिरॉइन होती, २०२४ च्या जुलैत गेली. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, बघ म्हणजे.

बांबूच्या वनातल्या फाइटबद्दल सगळं जग बोलतं, वाऱ्यावर डोलणाऱ्या शेंड्यांवर दोघं उभे. आमच्याकडे त्या वेळी सिलेंडर संपला, अर्धे लोक स्वयंपाकघरात होते.

खरं भांडण पेटलं ते चहाच्या सीनवर. शू लिएन आणि ली मू बाय दोघंच बसलेत, खिडकीतून हिरवं दिसतंय, आणि तो इतक्या वर्षांनी तिचा हात हातात घेतो आणि गालाला लावतो. बास. एवढंच. मी धावतं मराठी करत होते ते माझं मलाच जमेना, घसा आला, काकू म्हणाल्या राहू दे, कळतंय. आणि मग सुरू. आईचं म्हणणं दोघांनी शब्द पाळला ही केवढी मोठी गोष्ट, आजकाल कोण पाळतं. माझं म्हणणं होतं की पाळला तर पाळला, पण ह्यात शू लिएनला कोणी विचारलं का, तो आपला डोंगरावर ध्यान करतो, तलवार देऊन टाकतो, परत मागतो, सूड घ्यायला जातो, आणि ती तिथेच हिशेब बघत उभी. पिक्चर तिचा आहे, नाव त्याचं होतं. आई म्हणाली तू तिकडे जाऊन फार बदललीस. घ्या! बाबा म्हणाले गराडू संपले का.

आणि मग आजी, नव्वदीला टेकलेली, तुझ्या ताईची सासू, जिला तुम्ही सगळ्या आयुष्यभर घाबरलात, ती रजईतून म्हणाली, "तो मेला ना बिचारा, ज्याच्याशी ठरलं होतं? मेलेल्याला काय कळतंय. करायचं होतं लग्न, कोणी अडवलं होतं."

मावशी, आईचा चेहरा मी तुला लिहून दाखवू शकत नाही. ते तू समोरासमोर बघायला हवं होतंस.

शेवट सांगून टाकते, तू बघशील तेव्हा तुला आधीच माहीत असलं तरी काही बिघडत नाही, तू तर पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचतेस. ली मू बायला विषारी सुई लागते. थोडा श्वास उरलाय, शू लिएन म्हणते ध्यान कर, मुक्त हो, आणि तो ते न करता तो श्वास तिला "प्रेम होतं" हे सांगण्यात घालवतो. औषध घेऊन पोरगी येते तोवर संपलेलं असतं. काकू रडल्या. अण्णाकाका चष्मा पुसत होते आणि म्हणाले दोन अंकांआधी बोलला असता तर. ब्राउन बेल्ट उशी पोटाशी धरून बसला होता, त्याने काही म्हटलं नाही, आणि मी पण त्याला काही म्हटलं नाही.

मग ती जेन डोंगरावर जाते, तिथे तिचा डाकू असतो, आणि सकाळी ती पुलावरून खाली झोकून देते. ढगात. संपला पिक्चर. पाट्या यायला लागल्या. यो यो माचं चेलो वाजतंय आणि आमच्याकडे एकच गलका, मेली का, उडाली का, कुठे गेली. दादाची लेक म्हणे मुक्त झाली. आई म्हणे जीव दिला, आणखी काय, आईबापाचा विचार नाही. वहिनी म्हणाली ती खाली उतरून दुसऱ्या गावी गेली असणार, मी तर तेच केलं असतं. आजीने मला दोनदा रिवाइंड करायला लावलं आणि तोंड बघत राहिली त्या पोरीचं, आणि म्हणाली, "हिला पडायची भीती नाही वाटत आहे." पुढे काही नाही.

दुसऱ्या दिवशी कचोऱ्या खाताना पोरगा म्हणाला असलं आपल्याकडे कोणी बनवणार नाही. मी म्हटलं बनवलंय रे, 'मर्द को दर्द नहीं होता', २०१८ मध्ये आमच्याच टोरांटोच्या फेस्टिवलला मध्यरात्रीच्या सेक्शनमध्ये लोकांच्या मतांनी पहिला आला, मारामारी, प्रेम, विनोद सगळं, आणि पुढच्या मार्चमध्ये आपल्याकडे लागला तर कधी आला कधी गेला कळलं नाही. त्याचा हीरो भाग्यश्रीचा मुलगा, म्हणजे सांगलीच्या पटवर्धनांचा नातू, आणि आजोबा झालेत महेश मांजरेकर. हे तुझ्यासाठी लिहिलं खास, मला माहितीये आता तू पहिल्यांदा हाच बघणार. बघ, पण दुसऱ्या नंबरावर तो चिनी बघ. काकांना सबटायटल वाचता येतील, त्यांना म्हणावं धावतं मराठी करा, शुद्ध नाशकातलं.

बाकी इथे ठीक. थंडी मायनसमध्ये, पायऱ्यांवर मीठ टाकून कंटाळा आलाय. जीरावन मी इंदूरहून तुझ्या नावाचं वेगळं बांधून आईकडे ठेवलंय, येणाऱ्या जाणाऱ्याबरोबर पाठवायला सांगितलंय, आलं नाही तर समज की वापरायला काढलं.

आणि पिक्चर बघून झाला की शू लिएनचं चुकलं की बरोबर ते मला फोन करून सांग, आधी मला. आईला आधी केलास तर ती तुला तिच्या पार्टीत ओढून घेईल आणि मी परत एकटी. आजी आहे माझ्याकडून, पण ती फोनवर येत नाही.

काकांना नमस्कार. व्यायाम कर.

तुझी भाची